झाडावरच राहिलेले कळे

आमच्या गेटापाशी पिटकुळीचं झुडूप आहे. झुडूप म्हणायचं ते पुस्तकात. प्रत्यक्षात ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय, आणि पाऊस सरता सरता असं फुलतं की पानं शोधावी लागतात. लालभडक फुलांचे मुठीएवढे गुच्छ, प्रत्येक गुच्छात चार पाकळ्यांची बारकी बारकी फुलं आणि मधे अजून न उमललेले टोकदार कळे. रस्त्यावरून जाणारे लोक स्कूटर थांबवून फोटो काढतात. बाहेरून आलेले असले तर नर्सरीतलं नाव घेऊन विचारतात, ‘हा एक्झोरा कुठून आणलात?’ मी सांगते, आणला नाही, इथलाच आहे, मागच्या सड्यावर रानात हवा तेवढा मिळेल. मग त्यांचा उत्साह जरा कमी होतो. रानातलं म्हटलं की माणसाला ते फुकटचं वाटतं.

मी तरी कुठे वेगळी होते? नोकरी लागल्यावर दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून काही ना काही रोप उचलून आणायचे. कलमी गुलाब आणले, थंड हवेतली कसली कसली निळी-जांभळी झाडं आणली. आमच्या गावच्या, पार्शाच्या, तांबड्या खडकाळ जमिनीने एकालाही थारा दिला नाही. आई पायरीवर बसून बघायची आणि म्हणायची, ‘हाडलें आनी मारलें. आतां फुडल्या शुक्रारा दुसरें हाड.’ आणायचं आणि मारायचं, हे खरंच होतं म्हणून मला राग यायचा. पिटकुळीला मात्र कुणी कधी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. एप्रिलात विहिरीचा तळ दिसायला लागला तरी तिची पानं चामड्यासारखी जाड आणि हिरवीगार असायची. लहानपणी मी आणि भाऊ फुलाचा दांडा ओढून टोकाचा मध चोखायचो, आणि फळं काळी झाली की जीभ जांभळी करून घ्यायचो. तेव्हा ते झाड म्हणजे आमचा खाऊ होता.

आईच्या लेखी ते देवाचं झाड होतं. आमच्या गावात देवाला प्रश्न विचारायचा तर कळे लागतात, आणि कळे म्हणजे पिटकुळीचेच. भटजी ते पाण्यात बुडवून देवाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी दोन्ही अंगांना चिकटवतात, मग गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावीकडचा पडला तर नाही म्हणाला. मुलीला आलेलं स्थळ, बोअरची जागा, परदेशातली नोकरी, हरवलेली म्हैस, असं काहीही विचारलं जातं. इंजिनीयर झालेला मुलगासुद्धा नवी गाडी घ्यायच्या आधी गुपचूप जाऊन विचारून येतो.

आणि त्यासाठी लागणारे कळे बहुतेक वेळा आमच्या गेटावरून जायचे. आई लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हापासून हे काम तिचं. अंघोळ झाली की कुणाशी बोलायच्या आधी ती झाडापाशी जायची. न उमललेला कळाच घ्यायचा. तोंड उघडलेला, मुंगी लागलेला किंवा जमिनीवर पडलेला चालत नाही. फांदीवरचे सगळे घ्यायचे नाहीत, एक गुच्छ झाडाला ठेवायचा. मग केळीच्या पानात गुंडाळून ती ते देवळात नेऊन द्यायची. कुणाला स्थळ सांगून आलंय, कुणाच्या घरात वाटणीचं भांडण चाललंय, हे तिला कळ्यांवरून आधी कळायचं, पण ती कधी कुणाचं कुणाला सांगायची नाही.

माझा ह्यावर विश्वास नव्हता. आजही नाही, हे आधीच सांगून टाकते. मी तिला म्हणायचे, ‘आये, ओला कळा वाळला की पडणारच. कुठला आधी वाळतो एवढाच काय तो प्रश्न.’ ती चिडायची नाही. ‘मागीर आजवर तो चुकलो कित्या ना?’ देव आजवर का चुकला नाही, एवढंच विचारायची. आणि मग कुणाकुणाच्या घरची उदाहरणं. देव नाही म्हणाला असताना केलेलं लग्न कसं मोडलं, देवाने दाखवलेल्या जागी बोअरला पाणी कसं लागलं. नेम चुकल्याची उदाहरणं तिला आठवत नसत, किंवा ती तिला दिसतच नसत. मी वाद घालायचं सोडून दिलं. आईशी वाद घालून आजवर ह्या घरात कुणी जिंकलेलं नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी लग्न केलं नाही, तिच्याजवळच राहते. भाऊ बायकोमुलांना घेऊन म्हापशाला फ्लॅटमध्ये असतो. आईचं वजन उतरत होतं, ती जेवणावरून लवकर उठायची, पण दुखतं म्हणून एक अक्षर बोलली नव्हती. शेवटी मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता, पण त्याने नीट समजावून सांगितलं. गाठ काढायला हवी, लवकर काढायला हवी. वय पाहता ऑपरेशनात धोका आहे, पण न काढण्यात त्याहून जास्त आहे. भाऊ बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, आणि त्याचे खांदे हलत होते. मी रडले नाही. मला रडायला येत नाही, मला राग येतो. त्या दिवशी मला डॉक्टरचा राग आला, भावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त आईचा, कारण ती शांतपणे पदर सावरत बसली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, ‘देवाक विचारल्याबगर हांव पोट कापूंक दिवची ना.’

आम्ही दोघांनी तिला काय काय सांगितलं नाही! भाऊ तिच्या पायाशी बसला. मी आवाज चढवला. ती ऐकून घेत होती आणि शेवटी तेच वाक्य बोलत होती. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी डॉक्टरांना तारीख विचारून ठेवली होती, आणि तारीख पक्की होणार की नाही ते एका कळ्यावर ठरणार होतं. देव नाही म्हणाला तर आई पायरीवर बसून मरणाची वाट बघत बसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिच्या हट्टापुढे आमचं काही चालणार नव्हतं.

सोमवारी सकाळी तिने स्वतःच्याच झाडाचे कळे स्वतःसाठी तोडले. मी आणि भाऊ त्या वेळी रक्त देणारी माणसं जमवायला म्हापशाला गेलो होतो, कारण ऑपरेशन ठरलं तर ती लगेच लागणार होती. दुपारी परत आलो तेव्हा ती चुलीपाशी आमटीला फोडणी देत होती. आम्ही दोघंही दारातच थांबलो. तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, ‘उजवो जालो. देव व्हय म्हणटा. हात धुवा, जेवूंक बसा.’

भाऊ तिथेच उंबऱ्यावर बसला आणि हसायला लागला. आणि मी, जिचा ह्यातल्या कशावर विश्वास नाही ती मी, देव्हाऱ्यापुढे जाऊन हात जोडून आले. काय करणार? त्या दिवशी मला देव फार आवडला.

इस्पितळात जाण्याआधी तिने घराची आवराआवर काढली. आपली लुगडी वेगळी काढून वहिनीला आणि मला वाटून दिली. मीठ-मसाल्याचे डबे कुठे आहेत ते दाखवलं. पिटकुळीची छाटणी बहर सरल्यावरच करायची, भर पावसात करायची नाही, हेही बजावलं. मी थट्टेने म्हटलं, ‘देव हो म्हणालाय ना? मग एवढा निरोप कशाला?’ ती म्हणाली, ‘इल्लें सांगून दवरिल्लें बरें.’ थोडं सांगून ठेवलेलं बरं, असं म्हातारी माणसं म्हणतातच, म्हणून मी सोडून दिलं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आणि ती वाईट नव्हती असं नंतर कळलं. आई घरी आली, महिनाभर अंथरुणात राहिली, मग हळूहळू पडवीत, मग अंगणात. पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की पाव घ्यायला गेटापर्यंत जायला लागली तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं. माझी आई मला परत मिळाली.

फक्त कळे तोडणं तिने बंद केलं. सोमवारी वाड्यावरचं, शेजारपाजारचं कुणी आलं तर म्हणायची, ‘तुमीच काडून व्हरात.’ स्वतः झाडाला हात लावायची नाही. देवळातही जायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘पायांक बळ ना.’ पुन्हा विचारलं तर म्हणाली, ‘फुलां झाडारच बरीं दिसतात.’ मला वाटलं, अशक्तपणा असेल. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. देवाच्या उठाठेवीतून सुटली, आता स्वस्थ बसेल. हळूहळू लोकही यायचे थांबले. देवळाच्या मागच्या बाजूला कुणीतरी पिटकुळीची फांदी लावली, ती वाढली, आणि गावाची सोय तिथेच झाली.

कुणी तोडत नाही म्हटल्यावर आमचं झाड चेकाळलं. पहिल्या वर्षी दुप्पट फुललं, दुसऱ्या वर्षी गेटाचं एक दार उघडेना. धारगळच्या हायवेवर रोपं विकणारा एक माणूस एकदा आला, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, ‘बाई, कुंडीतल्या बुटक्या जाती सगळेच विकतात. हा मूळचा रंग आता कोण लावीत नाही.’ त्याने काड्या मागितल्या. मी पावसाळ्याच्या तोंडाशी त्याला काड्या कापून दिल्या आणि आपणही चार फांद्या कुंपणाच्या कडेने खोचल्या. सगळ्या जगल्या. बाजारातल्या गुलाबांमागे घालवलेल्या त्या सगळ्या शुक्रवारांची मला लाज वाटली. आता बाग म्हणून काही असेल तर ती ही. संध्याकाळी आई आणि मी पायरीवर बसून तिच्याकडे बघायचो. मला ते सुख वाटायचं. तिला काय वाटत होतं ते मी कधी विचारलं नाही.

जत्रा झाली की देवाची पालखी आमच्या वाड्यावर दारोदार येते. ज्यांच्या खांद्यावर देव असतो त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, देवाला ओवाळायचं, नारळ द्यायचा. हे काम घरातल्या मोठ्या बाईचं. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी आई आत जाऊन निजली, मी ओवाळलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. गेल्या वर्षी मात्र ती चांगली हिंडती-फिरती होती. सकाळी तिने स्वतः अंगण सारवलं, रांगोळी काढली, ताट तयार करून माझ्या हातात दिलं, आणि ढोल जवळ आल्यावर आत निघून गेली. मी वळून पाहिलं तर ती जनेलाच्या गजांआड उभी होती. पदर डोक्यावर घेतलेला, हात जोडलेले, आणि तोंड खाली. देवाकडे बघत नव्हती.

पालखी पुढच्या घराकडे वळली तेव्हा भटजी मागे थांबले. ते आता थकलेत, पालखीबरोबर सावकाश चालतात. त्यांनी हळूच विचारलं, ‘आवय भायर येवंक ना? आजून मनाक लावन घेतलां काय तिणें?’

मी म्हटलं, ‘काय मनाला लावून घेतलंय?’

ते गोंधळले. बोललो ते चुकलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण मी समोरून हलले नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. ‘त्या दिसा डावो जाल्लो, बाये. हांवें तिका सांगलें, देव नाका म्हणटा, मातशें राव. ती बराच वेळ पायऱ्यार बसली. मागीर म्हणूंक लागली, भटजी, घरा हांव उजवो म्हणून सांगतां. तुमी मदीं तोंड घालूं नाकात. म्हज्या भुरग्यांचीं तोंडां माका पळोवंक जायनात.’

आमची, तिच्या मुलांची, तोंडं तिला बघवत नव्हती म्हणून. ढोल लांब गेला. माझ्या हातातल्या ताटातलं निरांजन विझलं होतं ते मला नंतर कळलं. मला फक्त एक दिसत होतं. स्ट्रेचरवर पडलेली माझी आई, जिला तिच्या देवाने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंनी चालत तिला धीर देत होतो की घाबरू नको, देव हो म्हणालाय. तिने मान हलवली होती. माझा हात दाबला होता. ती मरायलाच निघाली होती, आणि आमच्यासाठी निघाली होती.

सगळे गेल्यावर ती बाहेर आली आणि झाडाखाली पडलेली फुलं झाडायला लागली. मी तिच्या हातातली वाढवण काढून घेतली.

‘आये, देव नाही म्हणाला होता?’

ती वाकून पडलेली फुलं हाताने गोळा करायला लागली. मग म्हणाली, ‘भटाच्या पोटांत कांय रावना.’

‘तू का गेलीस मग?’

‘तुजो भाव रडटालो. तूं जेवनासली.’ भाजीत मीठ कमी का पडलं ते सांगावं इतक्या सरळपणे ती सांगत होती. ‘हांवें देवाक म्हणलें, तूं तुजें सांगलें, हांवें आयकलें. आतां हांव भुरग्यांचें आयकतां.’

मला बोलता येत नाही तेव्हा मी भांडते. मी म्हटलं, ‘पण तू वाचलीस ना! बरी झालीस ना! म्हणजे तो चुकला. तुझा देव चुकला, आये. मग तू का तोंड लपवतेस त्याच्यापासून?’

तिने माझ्याकडे पाहिलं. इतकं दुखावलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं, इस्पितळातही नाही.

‘तो चुकलो म्हणून सांगूंक वचूं ताका?’ ती म्हणाली. ‘ताच्या उतरार ह्या गांवांत लोकांनी चलयो दिल्यो, घरां बांदलीं. कळे कोणी दिले? हांवें दिले. तो चुकलो म्हणचे परस हांव चुकली तें बरें.’

त्याच्या शब्दावर गावाने मुली दिल्या, घरं बांधली; तो चुकला म्हणण्यापेक्षा आपण चुकलो म्हणणं तिला बरं वाटत होतं. तेव्हा मला कळलं की ही बाई इतकी वर्षं कशी जगली. बरी झाली हाच तिचा गुन्हा होता. मेली असती तर देव खरा ठरला असता आणि ती सुटली असती. रोज सकाळी ती उठत होती, पाव आणत होती, माझ्याबरोबर पायरीवर बसून फुलं बघत होती, आणि तिच्या एकेका दिवसाने तिचा देव खोटा पडत होता. म्हणून ती त्याच्यासमोर जात नव्हती. आणि ह्यातलं काहीही तिने मला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर मला माझ्या आईचं सुख लाभलं नसतं.

मी हट्टाला पेटले. म्हटलं, ‘उद्या मी जाते. मीच कळे नेते आणि मीच विचारते. तुला माफ केलंय का, एवढंच विचारते. हो म्हणेल तो. तुझ्यासारखी बाई त्याला दुसरी कोण मिळणार?’ बोलता बोलता मी झाडाकडे वळले, हात वर केला आणि न उमललेले कळे शोधायला लागले. जन्मात पहिल्यांदा मी देवासाठी कळे तोडणार होते, आणि मला ते खरोखर तोडायचे होते.

तिने माझं मनगट धरलं.

‘नाका गो बाय,’ ती म्हणाली. ‘आनी ताणें परत डावो दिलो जाल्यार? तूं घरा येवन माका उजवो म्हणून सांगतली. तुजें तोंड पळोवन माका कळटलें. आनी तुका बरें दिसचें म्हणून माका परत हासूंक पडटलें. आतां माका तितलें बळ ना.’

माझं तोंड बघून तिला खरं कळलं असतं, आणि माझ्यासाठी तिला पुन्हा हसावं लागलं असतं. मी हात खाली घेतला.